लिहिण्याचा वेळ : घरात मागायचा, विहारात राखायचा

आमच्या वस्तीतल्या एक आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात होत्या. नुकतंच लग्न झालेलं, वय सतरा-अठराचं. दर वर्षी अशोक विजयादशमीला त्या त्या दिवसाबद्दल बोलायच्या आणि एक वाक्य हमखास सांगायच्या, की अंगावरची पांढरी साडी उसनी होती. ऐकणारे हसायचे, आजीही हसायच्या आणि विषय पुढे जायचा. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याजवळ चार दिवस निवांत बसायचं आणि सगळं लिहून घ्यायचं, असं आम्ही ठरवलं होतं. आजी मार्चमध्येच गेल्या. साडी कोणाची होती, ती परत केली का, जिने दिली ती बाई स्वतः नागपूरला का गेली नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्या नातवाला यावर कथा लिहायची आहे. त्याच्याकडे आज ते एकच वाक्य आहे.

"वेळच मिळाला नाही" हे आमचं कारण खोटं नव्हतं. नातू कुरिअरच्या गोदामात बारा-बारा तास काम करतो. आमच्यातली एक ताई अंगणवाडी सेविका आहे, एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, एक भाऊ रिक्षा चालवतो, दोघं शाळेत शिकवतात, एक ताई घर सांभाळते आणि आम्ही दोघं-तिघं सामाजिक संस्थांमध्ये काम करतो. सगळे कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात राहणारे. प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी लिहायचं आहे. कोणाची कविता, कोणाची कथा, कोणाला आईचं आयुष्य मांडायचंय. गेली तीन वर्षं आम्ही रविवारी विहारात एकत्र बसून लिहितो. त्याआधीची बरीच वर्षं आम्ही "सवड मिळाली की लिहू" असं म्हणत काढली. नोकरी, घर आणि चळवळ सांभाळून लिहायला नियमित वेळ कसा काढायचा, याबद्दल या अनुभवातून जे समजलं ते इथे मांडत आहोत.

वेळ नाही म्हणजे नेमकं काय?

लिहिण्यावरची पुस्तकं आणि व्हिडिओ साधारण एकच सल्ला देतात. पहाटे उठा, शिस्त लावा, इच्छा असेल तर वेळ निघतोच. म्हणजे वेळ निघाला नाही तर दोष तुमच्या इच्छेचा. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे थांबून विचारावं लागतं, की हा वेळ मुळात कोणाच्या ताब्यात आहे?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्या कामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ मिनिटं वाचली. दोघांमधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं. यात मुलांची आणि आजारी माणसांची देखभाल धरलेली नाही, ती वेगळी मोजली जाते.

आम्ही आमच्यापुरता एक छोटा प्रयोग केला. एक आठवडाभर प्रत्येकाने दुरेघी वहीत दिवसाचा हिशोब लिहिला, अर्ध्या-अर्ध्या तासाचा. लग्न झालेल्यांनी नवरा-बायको दोघांचाही लिहिला. त्यातून तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, मोबाईलवर जाणारा वेळ आम्ही समजत होतो त्यापेक्षा जास्त होता. हे कबूल करायलाच हवं. दुसरी, पुरुषांचा मोकळा वेळ सलग होता. रात्री जेवणानंतर दीड तास किंवा रविवारची पूर्ण दुपार. स्त्रियांचा मोकळा वेळ एकूण मोजला तर तोही अगदीच कमी नव्हता, पण तो दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेला होता. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, पाणी येण्याची वाट बघताना, मुलाला क्लासला सोडून परत येताना. अशा तुकड्यांत मन कशातच बसत नाही, कारण कान दुसरीकडे लागलेले असतात. तिसरी, बारा तासांची शिफ्ट आणि दोन तासांचा प्रवास करणाऱ्या माणसाकडे, तो पुरुष असला तरी, रात्री उरलेला वेळ हा थकलेला वेळ असतो. घड्याळात तो दिसतो, पण त्यात दोन ओळीही लिहून होत नाहीत.

म्हणजे "वेळ नाही" या एका तक्रारीत तीन वेगवेगळ्या अडचणी असतात. वेळ वाया जाणं, वेळ तुकड्यांत असणं आणि वेळ थकलेला असणं. पहिल्या अडचणीवर शिस्त हा उपाय चालतो. उरलेल्या दोन अडचणींवर एकट्याची शिस्त पुरत नाही. तिथे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काहीतरी उचलावं लागतं.

ज्यांनी लिहिलं, त्यांना वेळ कोणी दिला?

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२९ मध्ये म्हटलं होतं की बाईला लिहायचं असेल तर स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. मुंबईच्या बीडीडी चाळींत एका अख्ख्या कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली होती. वूल्फ यांची अट पाळायची तर आपल्या साहित्याचं एक पानही लिहिलं गेलं नसतं. तरी ते लिहिलं गेलं. कसं, हे बघण्यासारखं आहे.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. परळच्या चाळीतली एकच खोली. रामजी बाबा रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे, मग भीमाला उठवायचे आणि स्वतः झोपायचे. भीम दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास करायचा. भाषणांत ही गोष्ट मुलाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती वाटून घेतलेल्या वेळेची गोष्टही वाटते. घरात जागा नव्हती, शांतता नव्हती, म्हणून बापाने आपली अर्धी रात्र मुलाच्या अभ्यासासाठी दिली.

पुढे बाबासाहेब परदेशात शिकत असताना घर रमाईने ओढलं. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला, तो या ऋणाच्या जाणिवेने. पण रमाईने स्वतः त्या वर्षांबद्दल काही लिहून ठेवलेलं आपल्याकडे नाही. तिला लिहायला वेळ देणारं कोणी नव्हतं. रमाई जयंतीला आपण तिच्या त्यागाची गाणी म्हणतो, तेव्हा हेही आठवायला हवं. नाहीतर त्या गाण्यांचा अर्थ आपल्या घरात असाच लावला जातो, की बाईने त्याग करत राहावं आणि लिहिणं, बोलणं, मिरवणं दुसऱ्याने करावं.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. माल बांधायला रद्दीचे कागद यायचे, ते त्या वाचायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या आणि लिहिलेलं लपवून ठेवायच्या. नवऱ्याच्या भीतीने जवळपास वीस वर्षं त्यांनी आपलं लिखाण घरात कोणाला कळू दिलं नाही. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. आज ते परदेशातल्या विद्यापीठांत वाचलं जातं. या वीस वर्षांत एखादी वही रद्दीच्या गठ्ठ्यात गेली असती तर?

'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिणाऱ्या शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या. त्यांनी लिहिलं ते निवृत्तीनंतर. ऊर्मिला पवार यांनी सार्वजनिक बांधकाम खात्यातली नोकरी आणि घर सांभाळून कथा लिहिल्या, मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेत फिरून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं केलं आणि 'आयदान' हे आत्मकथन २००३ मध्ये आणलं. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवत होते आणि 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला. अण्णा भाऊ साठे यांना शाळा जवळजवळ नव्हतीच. मुंबईत मिळेल ते काम करत आणि झोपडपट्टीत राहून त्यांनी 'फकिरा' लिहिली.

या यादीचा एक सोपा अर्थ लावला जातो. "बघा, त्यांनी एवढ्या हालात लिहिलं, तुम्हाला काय झालं?" आमचा अर्थ वेगळा आहे. ज्यांचं लिखाण पोहोचलं त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत. ज्यांच्या वह्या चुलीत गेल्या, ज्या निवृत्तीची वाट बघत त्याआधीच गेल्या, त्यांची यादी कोणाकडेच नाही. या लेखकांच्या कष्टांचा आदर करायचा तर पुढच्या लेखकाला तेवढे कष्ट पडू नयेत, अशी सोय आपण करायला हवी. ती सोय सरकार किंवा विद्यापीठ करून देईल तेव्हा देईल. घरात आणि विहारात मात्र ती याच आठवड्यात करता येते.

घरात काय करता येतं?

आमचा सुरुवातीचा उपाय फसला. सगळ्यांनी पहाटे पाचला उठून लिहायचं ठरवलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर "उठलो" असे मेसेज यायचे. दहाव्या दिवशी मेसेज बंद झाले. लॅबमधल्या ताईला त्या दहा दिवसांत दोनदा कामावर चक्कर आली. सोण नावाच्या भिक्खूला भगवान बुद्धांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, तो आम्हाला तेव्हा आठवला. तार फार ताणली तरी सूर येत नाही आणि सैल सोडली तरी येत नाही. आमची तार तुटायला आली होती. त्यानंतर जे टिकलं ते असं :

आठवड्यातले दोनच दिवस ठरवा. रोजचा नेम शिफ्टवाल्या घरात टिकत नाही आणि मोडला की अपराधी वाटून माणूस सगळंच सोडतो. दोन दिवस, प्रत्येकी चाळीस मिनिटं. शिफ्ट बदलली की दिवस बदलायचे, संख्या बदलायची नाही.

घरात त्याला नाव देऊन सांगा. "मला जरा वेळ हवाय" म्हटलं की तो वेळ घरातल्या कोणत्याही कामाला हाताशी येतो. "मंगळवारी नऊ ते नऊ चाळीस माझं लिखाण" असं सांगितलं की दोन-तीन आठवड्यांनी घर त्याला सरावतं. घर सांभाळणाऱ्या ताईंनी ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं, दुधाच्या हिशोबाच्या शेजारीच. त्यांच्या सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या. आता नऊ वाजले की त्याच नातवाला घेऊन खाली उतरतात.

बदल्यात काय, हेही ठरवा. चाळीस मिनिटं तुम्ही लिहिणार असाल तर तेवढ्या वेळात कुकर कोण बघणार, मुलाचा अभ्यास कोण घेणार, दार कोण उघडणार, हे आधी बोलून घ्या. शिक्षक असलेल्या आमच्या एका भावाने हिशोबाची वही भरल्यावर मान्य केलं, की तो इतकी वर्षं लिहू शकला कारण बायको दार लावून मुलांना बाहेर ठेवत होती. आता गुरुवारी ती लिहिते आणि तो मुलांना बघतो. पुरुष लेखकांनी आपल्या घरात हा हिशोब एकदा जरूर मांडावा.

अर्धं पान पुरे. आमच्यापैकी बहुतेकांचं चाळीस मिनिटांत दीडशेच्या आसपास शब्दांचं लिखाण होतं. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून लग्नसराई, परीक्षा, आजारपणं आणि जयंतीची धावपळ वजा केली आणि ४० आठवडे धरले, तर ८० बैठका होतात. म्हणजे १२,००० शब्द. तीन-चार चांगल्या कथा किंवा आईच्या आयुष्यावरच्या पुस्तकाचा पाव-एक भाग.

मध्येच थांबा. वेळ संपताना प्रसंग पूर्ण करायचा हट्ट धरू नका. पुढे काय येणार ते एका ओळीत लिहून वही मिटा. पुढच्या वेळी कोऱ्या पानासमोर पंधरा मिनिटं जात नाहीत. सुधारणा करायची ती वेगळ्या दिवशी, लिहिण्याच्या दिवशी नाही.

तुकड्यांतला वेळही वापरा, पण टिपणं काढायला. फोनवर मराठीत बोललेलं टाईप होतं. रिक्षावाला भाऊ स्टँडवर नंबर लागेपर्यंत बोलून ठेवतो. सलग चाळीस मिनिटं मिळाली की त्यातून लिहितो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी कवितेबद्दल असंच काहीसं मांडलं आहे, की तिला कागद आणि जागा सगळ्यात कमी लागते, म्हणून कष्टकऱ्यांच्या हातून ती आधी लिहिली जाते. गद्य मोठं लिहायचं असेल तर सलग वेळ लागतोच. तो मागून घ्यावा लागतो.

वही जपा. आमच्यातल्या एकीची दीड वर्षाची वही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेली. कोणी मुद्दाम दिली नव्हती. मुलांच्या जुन्या वह्यांसारखीच ती दिसत होती. त्यानंतर नियम केला. लिखाणाच्या वहीला वेगळ्या रंगाचं कव्हर, त्यावर मोठ्या अक्षरात नाव आणि दर महिन्याला पानांचे फोटो काढून दुसऱ्या एकाच्या फोनवर पाठवणं.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. "घरात बोला, ठरवा" हा सल्ला प्रत्येक घराला लागू होत नाही. बायको लिहिते हे कळलं तर मारहाण होईल, वही फाडली जाईल अशी घरं आपल्या वस्त्यांतही आहेत. सामाजिक कामात ती आम्हाला रोज भेटतात. तिथे बेबीताईंची वाट धरावी लागते, ती एकटीने धरायला लागू नये एवढंच. आमच्या विहारातल्या कपाटाच्या एका कप्प्यात दोन वह्या कायमच्या असतात. त्या कोणाच्या, हे विचारायचं नाही असं ठरलं आहे.

विहारात काय करता येतं?

आपल्याकडे एक सोय आहे जी फार थोड्या समाजांकडे असते. जवळजवळ प्रत्येक वस्तीत विहार आहे. तिथे पंखा आहे, सतरंजी आहे, दार लावलं की शांतता आहे आणि रविवारची वंदना संपल्यावर पुष्कळदा ते दिवसभर रिकामं असतं. ज्याच्या घरात कोपरा नाही त्याच्यासाठी ही खोली आहे.

आमचा रविवारचा एक तास असा असतो. पहिली चाळीस मिनिटं सगळे गप्प बसून लिहितात. फोन टोपलीत. उरलेल्या वीस मिनिटांत दोघं जण आपलं लिहिलेलं वाचून दाखवतात, फार तर दोन-दोन पानं. ऐकणाऱ्यांनी काय आवडलं आणि कुठे कळलं नाही एवढंच सांगायचं. मुलांना बाहेर सांभाळण्याची पाळी आलटून-पालटून, त्यात पुरुषांची पाळी चुकवायची नाही. शेवटी चहा. सूत्रसंचालन नाही, प्रास्ताविक नाही, हार-तुरे नाहीत, आभार नाहीत. हा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं. आपला कार्यक्रम म्हटला की कोणालातरी अध्यक्षस्थान भूषवावंसं वाटतंच!

एकत्र बसण्याने दोन गोष्टी होतात. घरातून बाहेर पडायला कारण मिळतं. "विहारात जाते" याला सहसा कोणी अडवत नाही. आणि आपलं पान ऐकायला कोणीतरी थांबलंय हे माहीत असलं की ते पान लिहून होतं. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक वर्षानुवर्षं चालवलं, तेव्हा गावोगावच्या शिक्षक-कारकुनांसाठी त्याने हेच काम केलं. पुढचा अंक येतोय आणि कोणीतरी आपलं वाचणार आहे, या जाणिवेने माणसं लिहिती झाली.

सुरुवात करायला वर्षावास चांगला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतंच. माणसं ठरल्या वेळी येतात, बसतात, ऐकतात. त्या सवयीला आठवड्यातला एक तास जोडायचा. तीन महिने म्हणजे साधारण तेरा आठवडे. एवढ्यात एक कथा किंवा एका वृद्ध माणसाची आठवण लिहून पूर्ण होते. आणि तीन महिन्यांची मुदत असल्याने "आयुष्यभर कसं जमणार" ही धास्ती वाटत नाही.

दोन आक्षेप

कार्यकर्ते विचारतात, "इतके प्रश्न समोर असताना कथा-कविता कसल्या लिहिता?" प्रश्न प्रामाणिक आहे. अत्याचाराच्या केसमध्ये तालुक्याला फेऱ्या मारणारा कार्यकर्ता हे विचारतो, तेव्हा त्याला हसण्यावारी नेता येत नाही. आमचं उत्तर असं, की आपल्या चळवळीत लिखाण हे कामाच्या नंतरचं काम कधीच नव्हतं. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढलं. १९५६ च्या ५ डिसेंबरच्या रात्रीही त्यांनी आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागून घेतले होते. वामनदादा कर्डकांची गाणी जिथे पोहोचली तिथे आपले अनेक ठराव आणि निवेदनं पोहोचली नाहीत. निवेदनात मागणी असते, एफआयआरमध्ये घटना असते. उसन्या साडीचं ओझं आणि आनंद मात्र कथेतच येऊ शकतो.

हा वारसा त्याहून जुना आहे. 'थेरीगाथा' म्हणजे भिक्खुणींनी स्वतःच्या मुक्तीबद्दल रचलेल्या गाथा. त्यात मुत्ता नावाची थेरी उखळ-मुसळापासून सुटल्याचं सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईला मुक्तीबद्दल बोलताना स्वयंपाकघर आठवलं. आपल्या २८९ मिनिटांचा प्रश्न तिने तेव्हाच मांडला होता म्हणायचा.

दुसरा आक्षेप घरातून येतो. "लिहून काय मिळणार?" पैशाच्या भाषेत प्रामाणिक उत्तर आहे, बहुतेक वेळा काहीच नाही. विशेषांक आणि त्रैमासिकं मानधन देतात तर थोडं देतात, पुष्कळदा अंकच मिळतो. म्हणून हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वर्षभराने घरात हाच वाद होतो. आणि एक सावधगिरी. पुस्तक छापून देतो म्हणून लेखकाकडूनच पैसे मागणारे भेटतात. त्यासाठी कर्ज काढू नका, सोनं गहाण ठेवू नका. आधी विशेषांकात छापून येऊ द्या, विहारात वाचा, चार जाणत्या माणसांना दाखवा. पुस्तकाची घाई नको. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर जी गर्दी होते ती पाहिली आहे ना? वाचक आपल्याकडे आहेत. लिहिलेलं चांगलं असेल तर ते वाट बघतील.

या आठवड्यात करण्यासारखं

आमच्यात कोणी नामवंत लेखक झालेलं नाही. तीन वर्षांत चार कथा विशेषांकांत आल्या, अंगणवाडीच्या ताईंच्या कवितांची एक वही भरली, एका शिक्षकाने नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या वडिलांच्या आठवणी लिहून काढल्या. दोघं मध्येच सोडून गेले, एक परत आली. एवढाच जमाखर्च आहे.

पण गोदामात काम करणाऱ्या आमच्या मित्राने आजींच्या मृत्यूनंतर एक केलं. आजींच्या जावेला, म्हणजे त्याच्या चुलत आजीला, तो आता महिन्यातून दोन रविवार भेटतो. त्याही नव्वदीला टेकल्या आहेत, गावाकडे असतात, कानांनी कमी ऐकतात. साडीबद्दल त्यांना काही माहीत नाही. त्या वेगळंच सांगतात. त्या नागपूरला गेल्याच नव्हत्या. घरी म्हैस व्यायला झाली होती, म्हणून मागे राहिल्या. घरातले सगळे दीक्षा घेऊन परत आले तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातले देव आधी स्वतःच्या हाताने उचलून टोपलीत घातले होते, कोणी सांगायच्या आत. हे त्याला कथेत हवं होतं त्याच्यापेक्षा बरंच जास्त आहे. तो लिहितोय.

तुमच्या घरात, शेजारी असं कोणी असेल. या आठवड्यात कॅलेंडरवर दोन दिवस खूण करा, चाळीस मिनिटं कोण सांभाळणार ते बोलून घ्या आणि पुढच्या रविवारी विहाराची किल्ली कोणाकडे असते तेवढं विचारून ठेवा.

जय भीम, नमो बुद्धाय.